आधी निर्णय, मग प्रार्थना? देवाची इच्छा शोधताना क्रम कुठे चुकतो

नोकरी बदलायची, लग्न ठरवायचं, दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवायचं, पूर्णवेळ सेवेत उतरायचं. अशा वेळी विश्वासी माणूस सहज म्हणतो, "प्रभूची इच्छा काय आहे ते पाहतोय." प्रत्यक्षात हे पाहणं बहुतेकदा उलट्या टोकाने सुरू होतं. मन आतल्या आत ठरलेलं असतं. मग प्रार्थना होते, मग एखादी खूण मागितली जाते, आणि खूण मनासारखी आली की "प्रभूने दार उघडलं" अशी साक्षही होते. माहिती काढणं, खर्च मांडणं, जाणत्या माणसांना विचारणं ही कामं राहून जातात, किंवा सगळं झाल्यावर नावापुरती उरकली जातात.

पायऱ्या बहुतेकांना माहीत असतात, चूक क्रमात होते. खाली दिलेला क्रम पवित्र शास्त्र हाताशी धरून मोठे निर्णय घेणाऱ्यांसाठी आहे. मोठे म्हणजे ज्यांचा परिणाम वर्षभराहून जास्त टिकेल, किंवा जे सहज मागे घेता येणार नाहीत असे. आज कोणता शर्ट घालायचा यासाठी हा खटाटोप करू नका, तिथे देवाने दिलेली अक्कल पुरते.

सुरू करण्याआधी

तीन गोष्टी हाताशी ठेवा: बायबल, एक कोरी वही आणि कॅलेंडर. वही कागदाची असावी. फोनमधली नोंद आपण नंतर बदलतो आणि बदलली हे विसरतो. वहीत खोडलेलं दिसतं, आणि ते दिसणं पुढे कामाला येतं.

कॅलेंडरवर उत्तर द्यायची शेवटची तारीख लिहा आणि तिथून मागे मोजा. 21 दिवस हातात असतील तर साधारण अशी वाटणी जमते: पहिले 4 दिवस प्रश्न मांडणं, मन मोकळं करणं आणि वचन तपासणं; पुढचे 7 दिवस माहिती; 5 दिवस सल्ला; 3 दिवस तोलणं; शेवटचे 2 दिवस निर्णय. प्रार्थना आणि वाचन या सगळ्यांच्या खालून रोज चालू राहतं. रोज 20 मिनिटं पुरतात, पण ती एकाच वेळी, एकाच जागी असू द्या. शनिवारी तीन तास आणि बाकी आठवडा कोरा, हे चालत नाही.

शेवटची तारीख कुणी दिलेली नसेल तर स्वतः ठरवा. तारीख नसली की "अजून प्रभूची वाट पाहतोय" हे वाक्य दोन-दोन वर्षं चालतं आणि त्यामागे साधी भीती दडलेली असते.

सावधान: दमलेले, आजारी, नुकतेच दुःखातून गेलेले किंवा रागात असाल तर शक्य असल्यास तारीख पुढे ढकला. एलीया संदेष्ट्याने रतामाच्या झुडपाखाली मरण मागितलं, तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोप दिली, भाकर आणि पाणी दिलं, आणि हे दोनदा झालं (1 राजे 19). देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर, होरेब डोंगरावर. खचलेल्या मनाने घेतलेला मोठा निर्णय बहुतेक वेळा त्या जागेतून पळ काढण्याचा असतो.

टप्पा 1: प्रश्न एका वाक्यात लिहा

"प्रभू, माझ्या भविष्याबद्दल तुझी इच्छा काय आहे?" या प्रश्नाला उत्तर मिळालं तरी ते ओळखता येणार नाही, इतका तो मोठा आहे. दाविदाचे प्रश्न पाहा. राजा शौल पाठलागावर असताना, कईला नगरात तो देवाला विचारतो: शौल खाली येईल काय? इथले लोक मला त्याच्या हाती देतील काय? (1 शमुवेल 23). सिकलाग नगर लुटलं गेल्यावर विचारतो: या टोळीचा पाठलाग करू काय? मी त्यांना गाठीन काय? (1 शमुवेल 30). छोटे, वेगवेगळे, उत्तर देता येतील असे प्रश्न.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला प्रश्न असा काहीसा दिसतो:

आधी: नवीन नोकरी देवाची इच्छा आहे का?

खोडून: 30 तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. दुसऱ्या शहरातली जागा घ्यायची, इथेच राहायचं, की सहा महिन्यांची मुदत मागायची?

दुसऱ्या प्रश्नात तारीख आहे आणि तिसरा पर्यायही आहे. "हे की ते" असं मांडलं की आपण निम्मं उत्तर स्वतःच देऊन टाकतो. निदान एक तरी पर्याय असा लिहा जो तुम्हाला आधी सुचला नव्हता.

तपासा: घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला प्रश्न वाचून दाखवला तर कशाबद्दल ठरवायचं आहे हे त्याला कळतं का? नसेल तर पुन्हा लिहा.

टप्पा 2: मन मोकळं करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

यिर्मयाच्या 42व्या अध्यायात, यरुशलेम पडल्यावर देशात उरलेले लोक यिर्मया संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर. बरं असो की वाईट, परमेश्वर सांगेल ते आम्ही ऐकू. ऐकायला उत्तम. दहा दिवसांनी उत्तर येतं: याच देशात राहा, मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका. लगेच ते यिर्मयाला म्हणतात, तू खोटं बोलतोस. आणि मिसरात जातात. असं का झालं ते आदल्या अध्यायाच्या शेवटी कळतं: प्रश्न विचारण्याआधीच ते बेथलेहेमाजवळ येऊन थांबले होते, मिसराच्या वाटेवर. बोचकी बांधून झाली होती, हवा होता फक्त शिक्का.

तेव्हा आपली बोचकी कितपत बांधून झाली आहेत हे आधी बघायचं. वहीचं एक पान उभं दुमडा. डावीकडे लिहा, "हो आलं तर मला काय वाटेल". उजवीकडे, "नाही आलं तर मी काय करीन". उजवी बाजू कोरी राहत असेल, किंवा तिथे "असं होणारच नाही" एवढंच लिहिलं जात असेल, तर पुढचे टप्पे सध्या व्यर्थ आहेत. त्या दिवशी पुढे जाऊ नका.

मन मोकळं करायचं म्हणजे इच्छा नाही असं दाखवायचं नाही. पुष्कळ भाविक माणसं इथे घसरतात. "मला काहीच नको, प्रभू, तू देशील ते" असं म्हणतात आणि आतून हवंच असतं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आधी स्वतःची इच्छा उघड सांगितली, की होईल तर हा प्याला टळून जावो, आणि मग म्हटलं, "माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." हीच प्रार्थना त्याने तीनदा केली (मत्तय 26). तुम्हीही याच क्रमाने करा: काय हवंय ते नाव घेऊन, कारणासकट सांगा. पगार हवा असेल तर पगार म्हणा, "अधिक सेवेची संधी" म्हणू नका. मग ते सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका बैठकीत ते सुटत नाही, म्हणून तर तीन-चार दिवस राखून ठेवले आहेत.

तपासा: दोन्ही उत्तरं सारखी आवडली पाहिजेत असं नाही. "नाही" आलं तर मी रडेन, पण ऐकेन, इथपर्यंत आलात तर पुढे चला.

टप्पा 3: देवाने आधीच सांगितलेलं बाजूला काढा

देवाची इच्छा म्हणून शास्त्रात जे थेट लिहिलेलं आहे त्यात नोकरीचं गाव सापडत नाही. आपलं पवित्रीकरण व्हावं, म्हणजे आपलं जगणं पवित्र व्हावं, ही देवाची इच्छा (1 थेस्सलनीकाकरांस 4:3). सर्व स्थितीत उपकारस्तुती करावी ही देवाची इच्छा (5:18). हे माहीत असूनही आपण त्याला वळसा घालून "माझ्यासाठी खास" काहीतरी शोधत बसतो.

प्रत्येक पर्यायाला वहीत चार प्रश्न लावा:

1. यासाठी खोटं बोलावं लागेल का, कुणाला फसवावं लागेल का, दिलेला शब्द मोडावा लागेल का? हो असेल तर हा पर्याय इथेच संपला. त्यावर आणखी प्रार्थना करायची नाही.
2. यामुळे माझ्यावर असलेली जबाबदारी, म्हणजे आईवडील, जोडीदार, मुलं, कर्ज, उघड्यावर पडते का?
3. यातून कुणाचं भलं होतं? फक्त माझंच?
4. शास्त्राने हा निर्णय माझ्यावर सोडलेला आहे का?

चौथा प्रश्न लोक विसरतात. प्रेषित पौल विधवेबद्दल लिहितो की तिने तिला पाहिजे त्याच्याशी लग्न करावं, अट एवढीच की ते प्रभूमध्ये असावं (1 करिंथकरांस 7:39). कुंपण दाखवलं आहे, आणि कुंपणाच्या आत तिच्या पसंतीला मोकळीक आहे. दोन पर्याय कुंपणाच्या आत असतील तर एक पाप आणि एक पुण्य असं त्यांचं नातं नसतं. चुकीचा निवडला तर आयुष्यभर देवाच्या "दुसऱ्या क्रमांकाच्या" योजनेत अडकू, ही धास्ती सोडून द्या.

पहिल्या प्रश्नाला स्पष्ट "हो" मिळूनही जे पुन्हा पुन्हा विचारत राहतात त्यांनी गणना 22 वाचावं. मवाबाचा राजा बालाक याने इस्राएलाला शाप द्यायला बलामाला बोलावलं, तेव्हा देवाने त्याला पहिल्यांदाच सांगितलं होतं, जाऊ नको. बालाकाचे सरदार अधिक मानाचा बोलावा घेऊन आले तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. दुसऱ्या वेळी "जा" आलं खरं, पण तो निघाल्यावर देवाचा कोप पेटला.

सावधान, "वचन मिळालं" याबद्दल: बायबल कुठेही उघडून बोट ठेवणं, किंवा वचनांच्या डबीतून चिठ्ठी काढून तिच्यावर घर बदलणं, ही शोधायची पद्धत नव्हे. शास्त्रातलं वाक्य संदर्भातून उचलून तोंडावर फेकण्याचं काम सैतानानेही केलं, मंदिराच्या शिरोभागी उभं राहून (मत्तय 4). एखादं वचन खरोखर मनाला भिडलं तर ते वहीत लिहा, त्याचा पूर्ण अध्याय आणि आधीचा-नंतरचा अध्याय वाचा, आणि ते मूळ कुणाला, कोणत्या परिस्थितीत सांगितलं होतं ते एका ओळीत लिहा. यिर्मया 29:11, म्हणजे देवाच्या मनात तुमच्या हिताचे, आशा देणारे विचार आहेत हे वचन, सर्वांचं आवडतं. त्याच्या आधीची ओळ म्हणते की बाबेलात 70 वर्षं भरल्यावर हे होईल, आणि त्याच पत्रात सांगितलं आहे की तिथे घरं बांधा, बागा लावा. तीन महिन्यांत बढती मिळेल असं ते वचन म्हणत नाही.

टप्पा 4: माहिती काढा

आत्मिक माणसाला हा टप्पा कमी दर्जाचा वाटतो. पर्शियाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याला वाटला नव्हता. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजाशी बोलायची वेळ नीसानात आली, म्हणजे सुमारे चार महिने. त्या काळात तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. पण राजाने विचारताच त्याच्याजवळ सगळं तयार होतं: किती काळ लागेल, नदीपलीकडच्या अधिपतींसाठी कोणती पत्रं हवीत, लाकूड कोणाकडून घ्यायचं, ते कुठे वापरायचं. आसाफ या वनरक्षकाचं नावसुद्धा त्याला ठाऊक होतं. यरुशलेमेला पोहोचल्यावर तीन दिवसांनी रात्री थोडी माणसं घेऊन, कोणालाही न सांगता, त्याने पडलेल्या तटाची पाहणी केली. पुढे काम 52 दिवसांत उरकलं. प्रार्थना आणि पाहणी अशी दोन्ही एकाच माणसाच्या हातात होती.

प्रत्येक पर्यायासाठी एक पान घ्या आणि एवढं तरी भरा:

खर्च. बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो (लूक 14). महिन्याचा नक्की खर्च, एकदाच होणारा खर्च, आणि काही अडलं तर सहा महिने कशावर काढणार याचा आकडा. "प्रभू पुरवील" हे या रकान्यातलं उत्तर नाही. तो पुरवील असा विश्वास आहेच, तरी कमी किती पडतंय हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

वेळ. रोजचे कामाचे तास, प्रवासाचे तास, आठवड्यातले घरचे तास. एक साधा आठवडा तासातासाने मांडून बघा. सध्या तुम्ही जी सेवा करता ती त्यात कुठे बसते? बसत नसेल तर तसं लिहा.

माणसं. या निर्णयाने ज्यांचं आयुष्य बदलेल त्यांची नावं. प्रत्येकापुढे: त्याला विचारलं का, त्याने काय म्हटलं. जोडीदाराला "शेवटी सांगू" असं ठेवणं हा पूर्ण प्रक्रियेतला सर्वात महाग पडणारा दोष आहे.

मंडळी. नव्या ठिकाणी उपासना कुठे, कोणाबरोबर? बिऱ्हाड हलवण्याच्या निर्णयात हे बहुतेक जण पोहोचल्यावर शोधतात. आधी शोधा.

मागे फिरता येईल का? किती दिवसांत, किती खर्चात?

लिहिताना ऐकीव माहितीपुढे "ऐ" आणि स्वतः पाहिलेल्या, विचारलेल्या किंवा कागदावर वाचलेल्या माहितीपुढे "प" लिहा. पानभर "ऐ" दिसले तर टप्पा संपलेला नाही. गिबोनी लोकांनी दूरदेशाहून आल्याचं भासवायला जुनी पायतणं, फाटके बुधले आणि बुरसटलेली भाकर दाखवली, इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी त्यांच्या शिदोरीकडे पाहून करार केला, "पण परमेश्वराला विचारलं नाही" (यहोशवा 9). तीनच दिवसांत कळलं की हे तर शेजारीच राहतात. देवाला विचारलं नाही हा त्यांचा पहिला दोष. दुसरा, घाई: तीन दिवस थांबले असते तरी खरं कळलं असतं.

तपासा: पर्यायाच्या विरोधात जाणारी निदान दोन "प" माहिती प्रत्येक पानावर आहे का? एकही नसेल तर तुम्ही शोधलेलं नाही, गोळा केलेलं आहे.

टप्पा 5: सल्ला घ्या, पण मोजक्यांचा

तीन माणसं पुरतात. एक, तुम्हाला दहा वर्षं ओळखणारं आणि तुमची खोड ठाऊक असलेलं. एक, त्या विषयातलं जाणकार. एक, तुमचा पाळक किंवा मंडळीतला वडीलधारा विश्वासी. तिघांपैकी किमान एकाने पूर्वी तुम्हाला "नाही" म्हटलेलं असावं.

शलमोनाचा मुलगा राजा रहबाम याला लोकांनी ओझं हलकं करायला सांगितलं, तेव्हा त्याने सल्ला घेतला नाही असं कोणी म्हणू शकत नाही. त्याने तीन दिवसांची मुदत घेतली, बापाजवळच्या वृद्धांना विचारलं, मग आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांना विचारलं आणि त्यांचं ऐकलं (1 राजे 12). राज्य दुभंगलं. मनासारखं म्हणणारा सापडेपर्यंत विचारत जाणं हा सल्ला नव्हे.

भेटीला जाताना टप्पा 4 ची पानं बरोबर न्या. तुमचा कल सांगू नका. सांगितला की समोरचा तुमच्या भावनेला जपून बोलतो. तीनच प्रश्न विचारा: यात माझ्या नजरेतून काय सुटलंय? मी असा निर्णय घेतला तर तुम्हाला कशाची काळजी वाटेल? यापूर्वी मी अशा वेळी कुठे चुकलो? तिसरा प्रश्न विचारून गप्प बसा. तिथे पहिलं उत्तर सौजन्याचं असतं, दुसरं खरं.

सल्ला देणारा चांगला असूनही चुकू शकतो. मंदिर बांधण्याबद्दल नाथान संदेष्ट्याने दाविदाला सांगितलं होतं, मनात आहे ते कर. त्याच रात्री परमेश्वराने वेगळं सांगितलं आणि नाथानाला आपला शब्द फिरवावा लागला (2 शमुवेल 7). कधी माहिती खरी असते आणि निष्कर्ष वेगळा निघतो. अगब संदेष्ट्याने पौलाला सांगितलं की यरुशलेमेत तुला बांधतील. ते खरं होतं. बंधुजनांनी त्यावरून विनवलं, जाऊ नको. पौल गेला, आणि तेही शेवटी "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून गप्प राहिले (प्रेषितांची कृत्ये 21). तेव्हा सल्ल्याच्या पानावर दोन रकाने करा: त्यांनी काय पाहिलं, आणि त्यावरून काय करा म्हणाले. पहिला रकाना फार मोलाचा. दुसऱ्याची जबाबदारी तुमची.

सावधान: "प्रभूने मला दाखवलंय की तू माझ्याशी लग्न करायचंस", "तुझी बचत इकडे द्यायची असं मला प्रकट झालंय", "औषध बंद कर, विश्वास ठेव" असं कुणी म्हटलं तर तिथून उठा आणि मंडळीतल्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीला लगेच सांगा. ज्याचा फायदा बोलणाऱ्याला होतो त्या प्रकटीकरणाला वहीत जागा नाही. उपचार फक्त डॉक्टरांशी बोलूनच बदलतात.

टप्पा 6: खुणा, दारं आणि शांती तोलून बघा

लोक जिथून सुरुवात करतात तो हा टप्पा सहावा आहे. इथे पोहोचेपर्यंत निम्म्या वेळा उत्तर स्पष्ट झालेलं असतं.

खूण. गिदोनाची लोकर, म्हणजे लोकरीवर दव पडू दे अशी त्याने देवाकडे मागितलेली खूण, सर्वांना आठवते. तिच्याआधी काय झालं ते कमी जणांना आठवतं: "जा" ही आज्ञा त्याला आधीच मिळाली होती (शास्ते 6:14). लोकर इच्छा शोधायला नव्हती, डळमळलेल्या मनाला आधार म्हणून होती, आणि दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच म्हणतो, माझ्यावर कोप करू नको. देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतलं. ती आपली कार्यपद्धती करू नका. "उद्या दुपारपर्यंत फोन आला तर हो" ही तर लोकरसुद्धा नाही, कारण फोन येतच असतात.

दार. उघडं दार म्हणजे होकार, बंद दार म्हणजे नकार, हे समीकरण शास्त्रात टिकत नाही. योना संदेष्टा देवाने सांगितलेल्या निनवे नगराकडे न जाता पळाला तेव्हा याफोला तार्शीशाचं जहाज तयार होतं आणि भाड्याचे पैसेही त्याच्याजवळ होते. सगळं कसं जुळून आलं! उलट पौल इफिसाबद्दल लिहितो, मोठं दार उघडलं आहे आणि विरोधक पुष्कळ आहेत, म्हणून मी राहतो (1 करिंथकरांस 16). त्रोवसातही प्रभूने दार उघडलं होतं, पण त्याचा सहकारी तीत भेटला नाही, मनाला स्वस्थता नव्हती, म्हणून पौल पुढे गेला (2 करिंथकरांस 2). उघड्या दारातून प्रत्येक वेळी आत जायलाच हवं असं नाही. दाराची नोंद वहीत करा, पण टप्पा 3 आणि 4 च्या पानांहून तिला जास्त वजन देऊ नका.

शांती. "मला शांती आहे" हे वाक्य सगळ्यात सोयीचं आणि तपासायला सगळ्यात अवघड. निर्णय टाळल्यावरही हायसं वाटतं, आणि ते शांतीसारखंच असतं. म्हणून हा प्रयोग करा: एक पूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून, पहिला पर्याय पक्का झाला असं धरून जगा. रात्री पाच ओळी लिहा. दुसरा दिवस दुसरा पर्याय, पुन्हा पाच ओळी. तिसऱ्या दिवशी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. कुठे भीती होती, कुठे अहंकार सुखावत होता, कुठे प्रार्थना सहज होत होती हे तुमच्याच अक्षरात दिसतं. गेथशेमाने लक्षात ठेवा: तिथे इच्छा अगदी स्पष्ट होती आणि जीव मरणप्राय खिन्न होता. अस्वस्थता आहे एवढ्यावरून मार्ग चुकला असं ठरत नाही.

तपासा: हे सगळं काढून टाकलं, खूण नाही, स्वप्न नाही, योगायोग नाही, तरी टप्पा 3, 4, 5 च्या बळावर हा पर्याय उभा राहतो का? राहत नसेल तर खुणांच्या भरवशावर पुढे जाऊ नका.

टप्पा 7: ठरवा

ठरवायचं तुम्हालाच आहे. त्रोवसात रात्री पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला, तरी त्यापुढचं वाक्य असं आहे की देवाने आम्हाला बोलावलं आहे असं "आम्ही" अनुमान केलं (प्रेषितांची कृत्ये 16:10). दृष्टांत एकाला झाला, अनुमान सगळ्यांनी मिळून केलं आणि लगेच निघण्याची तयारी सुरू झाली.

निर्णय वहीत तीन ओळींत लिहा: काय ठरलं, कोणत्या कारणांनी (खरी कारणं, टप्पा 2 मधल्या भाषेत), आणि पहिलं पाऊल कोणत्या तारखेला. खाली लिहा, "प्रभूची इच्छा असेल तर". याकोब ज्यांना दटावतो ते अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू म्हणत होते (याकोब 4:13-15). शहर, मुदत, व्यापार यांवर त्याचा आक्षेप नाही, गृहीत धरण्यावर आहे. म्हणून ते शब्द योजनेच्या वर शोभेला लावू नका. त्यांच्यासोबत एक ओळ आणखी लिहा: "कोणती गोष्ट घडली तर मी हे थांबवीन". ती ओळ लिहिता आली नाही तर ते शब्द नुसते तोंडचे आहेत.

लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्या, मग संबंधितांना कळवा. कळवताना "मी असं ठरवलं आहे" म्हणा. "देवाने मला सांगितलं" म्हटलं की कुणाला प्रश्न विचारता येत नाही आणि उद्या तुम्हाला बदलताही येत नाही.

अजूनही दोन पर्याय समसमान असतील तर जो मागे घेणं सोपं तो आधी घ्या, किंवा ज्यात इतरांची सेवा जास्त होते तो.

टप्पा 8: निघाल्यावर

पहिल्या अडचणीत परत फिरू नका. मासेदोनियाला बोलावणं स्पष्ट होतं, आणि तिथे गेल्यावर फिलिप्पैत पौल आणि सीला यांना छड्या बसल्या, पाय खोड्यात अडकले. अडचण आली म्हणून आधीचं सगळं चुकलं असं समजायचं नाही. वाईट आठवड्यात निर्णय बदलायचा नाही, एवढा एक नियम स्वतःला घालून घ्या. बदलायचाच असेल तर मन थाऱ्यावर आल्यावर, वही उघडून, टप्पा 4 पासून पुन्हा.

हट्टानेही धरून बसू नका. पौलाला आशियात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियाकडे वळला तर तिथेही जाऊ दिलं नाही. रोमला यायचा बेत तर त्याने पुष्कळदा केला आणि पुष्कळदा अडला (रोमकरांस 1:13). करिंथला जायचा बेत बदलला तेव्हा लोकांनी चंचल म्हटलं, त्याने कारण लिहून कळवलं (2 करिंथकरांस 1). तुमचा बेत बदलला तर तुम्हीही सल्ला दिलेल्या तिघांना कारण कळवा. एवढ्या एका फोनने पुढच्या वेळी ते मोकळेपणाने बोलतात.

पाहणीच्या तारखा आताच कॅलेंडरवर टाका: 30 दिवस, 90 दिवस, 6 महिने. प्रत्येक वेळी अर्धा तास. निर्णयाचं पान आधी वाचा, मग चार गोष्टी लिहा: जे धरून चाललो त्यातलं काय खरं ठरलं, काय खोटं, "कोणती गोष्ट घडली तर थांबवीन" ती घडली का, घरच्यांचं काय म्हणणं आहे, आणि यातलं काय मी आधीच ओळखू शकलो असतो. चौथं उत्तर त्याच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा. पुढचा मोठा निर्णय आला की टप्पा 1 च्या आधी ते पान उघडायचं.